जुळते का, तायडे?

रिटायर झालेल्या माणसाजवळ दोन गोष्टी भरपूर असतात, वेळ आणि जुने कागद. ही दोन्ही घेऊन तो जिथं येऊन बसायचा, त्या टेबलावर मी नोकरीची पहिली काही वर्षं काढली. त्यामुळे माझ्याजवळ किस्से साठले नसते तरच नवल. मी काही ते गोळा करायला गेलो नव्हतो. लोक फॉर्मसोबत जोडून देत गेले, मी ठेवून घेत गेलो!

अमरावतीच्या टॅक्स कचेरीत आमचं टेबल रिफंडचं. काम साधं होतं. सरकारी माणसाच्या पगारातून टॅक्स कापताना असं धरतात, की हा बाबा मार्चपर्यंत पूर्ण पगार घेणार. पण तो ऑगस्टातच रिटायर होतो. पगार जाऊन निम्म्याहून कमी पेन्शन हातात येते, वर्षाचं उत्पन्न खाली घसरतं आणि आधी कापलेला टॅक्स जास्तीचा ठरतो. तो परत मागायचा तर आमच्याकडे यायचं. चार वर्षांच्या आत आलात तर मिळेल, नाहीतर सरकारजमा.

टेबलाचे मालक इंगोलेबाबू. हेडक्लार्कला तेव्हा आमच्याकडे बडे बाबू म्हणत. काळा कोट, कानावर लाल पेन्सिल, आणि टाचणीला अडकवलेल्या गुलाबी चिठ्ठ्यांचा गठ्ठा. फॉर्ममध्ये चूक दिसली की चिठ्ठीवर हरकत लिहायची आणि ती टोचून फॉर्म परत. मी तेल्हाऱ्याहून नुकताच आलेला. माझं काम सही ताडून पाहणं. अर्जदाराने आधी रद्दी कागदावर सही करायची, मी ती त्याच्या नोकरीतल्या जुन्या कागदावरच्या सहीशेजारी धरायची. मग बाबू मान वर न करता विचारत, "जुळते का, तायडे?"

दिवसातून पंचवीस वेळा. जेवताना ताटातली भाकरी पाहूनसुद्धा मला तोच प्रश्न ऐकू यायचा.

*

नियमांचं एक लाल कापडी पुस्तक होतं. पाट्यावरच्या वरवंट्याएवढं जड. ते टेबलावरच्या फॉर्मच्या गठ्ठ्यावर ठेवलेलं असे, कारण उन्हाळ्यात खिडकीतून असा वारा यायचा की चपराशी सत्तारभाईंना अर्धा दिवस व्हरांड्यात कागदांमागे धावावं लागे.

एकदा कोर्टातले एक रिटायर्ड पेशकार आले. आयुष्य वकिलांमध्ये गेलेलं. बाबूंनी हरकत काढली तसे ते म्हणाले, "हे कोन्त्या नियमात लिवलं हाये?"

बाबूंनी लाल पुस्तकावर हात ठेवला. "याच्यात."

"मंग दाखवा नं."

"दाखवतो. पन पुस्तक उचललं तं तुमचाच फॉर्म उडून जाईन. चालते?"

पेशकारसाहेबांनी खिडकीकडे पाहिलं आणि निमूटपणे हरकत मान्य केली. बाबूंच्या आधीच्या बाबूंनीही म्हणे ते पुस्तक तिथंच ठेवलं होतं. ते कोणी उघडलेलं मी कधी पाहिलं नाही.

*

शेंदूरजनाघाटचे एक ओव्हरसियर होते. घरची संत्र्याची बाग. त्यांचा रिफंड मंजूर झाला त्या दिवशी ते टोपलीभर संत्री घेऊन आले. बाबू कोणाचा चहासुद्धा घेत नसत, संत्री कुठली घेणार!

"हे वापस न्या."

"अवो बाबू, काम झाल्यावर देऊन राहिलो. आता कायची लाच?"

"वापस न्या."

ओव्हरसियर रागावले नाहीत. व्हरांड्यातल्या बाकावर बसून त्यांनी तिथं बसलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांना संत्री वाटली. सत्तारभाईंनी दोन खाल्ली, मी एक खाल्लं, आणि मग त्याच हातांनी मी सह्या ताडायला बसलो. थोड्या वेळाने बाबूंनी एक फॉर्म नाकाशी नेला, माझ्याकडे पाहिलं आणि तो परत माझ्यासमोर टाकला.

"नवा लिही. हा साहेबाकडे गेला तं मी खाल्लं म्हनतीन!"

*

महिन्यातून एकदा अकोल्याला आमचा कॅम्प असे. तिथं एका रिटायर्ड फौजदाराला आम्ही अठ्ठावीस रुपये परत मिळवून दिले. पुढच्या महिन्यात पाहतो तर फौजदारसाहेब पुन्हा हजर, आणि पुढे त्यांची मंडळी. बाईंनी पदर नीट केला आणि नोटा टेबलावर ठेवल्या.

"बाबू, तुमी खरं सांगा. हे म्हनतेत सरकारनं वापस देल्ले. सरकार कधी पैसे वापस देते काय? वर्दी उतरली तरी ह्यायची सवय नाई गेली, असं वाटते मले."

फौजदार भिंतीवरच्या नकाशाकडे पाहू लागले. बाबूंनी रजिस्टर उघडलं, बोट ठेवून नाव दाखवलं आणि अगदी अदबीने म्हणाले, "बाई, हे पैसे फौजदारसाहेबांचेच हायेत. त्यायच्याच हक्काचे."

बाईंनी नवऱ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग नोटा कपाळाला लावून कमरेच्या पिशवीत ठेवल्या.

"असे पयल्यांदाच आले म्हना घरात!"

*

आता जरा वेगळं सांगतो.

म्हातारपणी हात कापतो. सही जुळत नाही. अशा वेळी बाबूंचा रिवाज होता अंगठ्याचा. रद्दीवर तीनदा सही करून पाहायची, नाही जुळली की सत्तारभाई शाईचं पॅड आणत. बाबू काही दुष्टपणे करत नव्हते. अंगठा पुसायला त्यांनी घरून धुतलेला फडका आणून ठेवला होता आणि पुष्कळदा ते स्वतःच उठून म्हाताऱ्याचा अंगठा पुसून देत. स्टेशनमास्तर, जेलर, दवाखान्यातले कंपाउंडर, सगळ्यांनी मुकाट्याने अंगठे लावले. तीस वर्षं रोज सही केलेली माणसं खाली मान घालून आपला निळा अंगठा पाहत जिना उतरायची. मला ते बघवत नसे, पण मी नवा होतो.

वलगावचे वानखडे मास्तर आले ते रिफंडच्याच कामाला. सरकारी शाळेचे हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. एकतीस रुपये त्यांचे निघत होते. मास्तरांनी रद्दीवर सही केली.

"जुळते का, तायडे?"

मी रद्दी कागद मास्तरांकडे परत सरकवला. दुसरी केली. तिसरी केली. नोकरीतली सही छापल्यासारखी होती, आणि ही अशी, की चालत्या बैलगाडीत केलेली. बाबूंनी सत्तारभाईंना खूण केली. पॅड आलं.

मास्तरांनी पॅड हाताने बाजूला सारलं. आवाज चढवला नाही. "बाबू, माहा बाप सावकाराच्या कागदावर अंगठा लावत लावत मेला. मरायच्या आधी त्यानं माही सही पायली, दुसरीत होतो मी. पाटीवर केलेली. ते पाटी त्यानं पुसू देल्ली नाई. आता मी अंगठा लावू?"

"नियम हाये, मास्तर."

"असंन. तुमचे पैसे तुमच्याजवळ राहू द्या."

फॉर्म टेबलावर तसाच राहिला. सगळा भरलेला, सहीची जागा तेवढी कोरी. बाबू त्यावर हरकतीची चिठ्ठी टोचायला गेले आणि काय लिहावं ते त्यांना सुचेना. शेवटी फॉर्म माझ्याकडे सरकवत म्हणाले, "ठेव तुह्याजवळ."

*

त्यानंतर मास्तर दर महिन्याला यायचे. पेन्शन घ्यायला ते अमरावतीला येतच. खजिन्यातला कारकून त्यांचाच विद्यार्थी, तो तिथं सही चालवून घेई. तिथून ते आमच्या व्हरांड्यात येऊन बाकावर बसत, माठातलं पाणी पीत आणि खिडकीतून मला विचारत, "तायडे, आमचा फॉर्म जिता हाये का?"

"हाये, गुरुजी."

"बरं."

इतकंच. मग छत्री उचलून जात. आत बाबू लाल पेन्सिलीला टोक करत बसत. टोक असलेल्या पेन्सिलीला! असं एक वर्ष गेलं, दोन गेली, तीन गेली. चौथ्याच्या मार्चनंतर फॉर्म मेल्यात जमा होणार होता, हे मास्तरांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि बाबूंना तर होतंच.

*

मधल्या काळात बाबूच रिटायर झाले, तेही ऑगस्टात. शेवटच्या वर्षात ते माझ्याकडून सगळं लिहून घेत. मला वाटे, पोराला काम शिकवून राहिले. निरोपाच्या चहाच्या वेळी त्यांच्या हातातली कपबशी खडखडायला लागली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सत्तारभाईंच्या तो आधीच पडला असावा. ते पटकन पुढे झाले, बशी खालून धरली आणि म्हणाले, "गरम है बाबू, ठंडी होने दो."

रिफंडचं टेबल माझ्याकडे आलं. गुलाबी चिठ्ठ्यांचा गठ्ठा, फडका आणि फॉर्मवर ठेवलेलं लाल पुस्तक, सगळ्यासकट.

दीड वर्षाने, फेब्रुवारीत, टपालाने एक फॉर्म आला. इंगोले, रिटायर्ड हेडक्लार्क, जास्तीचा कापलेला टॅक्स चौदा रुपये. कचेरीपासून बाबूंचं घर दहा मिनिटांवर, आणि फॉर्म टपालाने! एकेक रकाना बिनचूक होता. खाली सही होती. मास्तरांची बरी म्हणावी अशी.

मी मनाशी ठरवलं, हा आपण न बोलता पुढे सरकवायचा. कोण पाहतंय? पान उलटलं तर मागे टाचणीने एक गुलाबी चिठ्ठी टोचलेली. वाकड्यातिकड्या अक्षरांत बाबूंनी स्वतःच लिहिलं होतं, "सही जुळत नाही."

*

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. बाबू भाजी आणायला गेलेत, असं काकू म्हणाल्या, आणि मला हाताने धरून मागच्या दारात नेलं. बाबू पेरूच्या झाडाखाली पाटावर बसले होते. मांडीवर जुनं कॅलेंडर, हातात टाक.

"रोज भाजी आनाले जातेत," काकू हळूच म्हणाल्या. "अन् इथं बसून सह्या करतेत. बारा महिन्यायच्या मांगच्या बाजू भरल्या, आता मांगच्या वर्षाचं कॅलेंडर काढलं. मी पायलं म्हनून सांगू नको बरं."

मला रडू आलं. या माणसाने माझ्या कितीतरी फॉर्मना चिठ्ठ्या टोचल्या होत्या, पण त्या क्षणी माझ्या बापाला असं पाहतोय असंच मला वाटलं.

बाबूंनी मला पाहिलं, कॅलेंडर उलटं ठेवलं. मी म्हणालो, "बाबू, ते चिठ्ठी काढून टाकू?"

"खबरदार." मग टाक खाली ठेवून म्हणाले, "तायडे, एक काम कर. उद्या ते लाल पुस्तक घेऊन ये."

"फॉर्म उडतीन."

"त्याच्यावर वीट ठेव!"

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक नेलं. आम्ही दोघं पेरूखाली बसलो. मी वाचायचं, त्यांनी ऐकायचं. सह्यांचं कलम सापडलं. अंगठ्याचा नियम होता. त्याच्याच खाली, आम्ही इतकी वर्षं फॉर्म ज्याच्याखाली दाबून ठेवले त्या पुस्तकात, पुढचं वाक्य होतं. आजारपणाने किंवा वयाने सही बदलली असेल, तर अर्जदाराला ओळखणाऱ्या दोन माणसांनी शेजारी सह्या कराव्यात, म्हणजे ती सही ग्राह्य धरावी.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. बाबूंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला, परत काढला.

"मले माह्या बाबूनं सांगतलं, मी तुले सांगतलं. उघडून कोनीच नाई पायलं," ते म्हणाले. "वलगावची यष्टी कितीले हाये?"

*

वलगावला मास्तरांचं घर साधं, सारवलेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली खुंटीला एक जुनी पाटी टांगलेली. मास्तर बाबूंना बघून उठून उभे राहिले. बाबू दारातच थांबले होते. मी म्हटलं, "मी जरा यष्टीची वेळ विचारून येतो," आणि बाहेर पडलो. मला वेळ माहीत होती.

त्या दोघांचं काय बोलणं झालं ते मला आजही ठाऊक नाही. परत आलो तेव्हा दोघं शेजारी शेजारी बसले होते. बाबूंच्या पुढे रिकामी कपबशी होती आणि मास्तरीणबाई दुसऱ्यांदा चहा ओतत होत्या. चहा घेताना बाबूंची कपबशी खडखडत होती, मास्तरांचीही खडखडत होती, आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नव्हतं. ज्या माणसाने अर्जदाराचा कधी घोटभर चहा घेतला नाही, तो दोन कप प्याला!

*

मार्चचे शेवटचे दिवस. व्हरांडा म्हाताऱ्यांनी भरलेला. मास्तर आणि बाबू सोबतच जिना चढून आले. बाबू माझ्या टेबलाच्या पलीकडे उभे राहिले, अर्जदाराच्या बाजूला. मी उठून खुर्ची देऊ केली तर म्हणाले, "तुह्या जागेवर बस."

आधी मास्तरांचा फॉर्म. चार वर्षं कोरी राहिलेली जागा. मास्तरांनी टोपी काढून ठेवली आणि सावकाश, एकेक अक्षर लावत सही केली. शेजारी ओळखणारे म्हणून बाबूंनी सही केली, दुसरी मी केली. शाईचा एक थेंब सांडला, सत्तारभाईंनी टिपकागद दाबला. झालं. एकतीस रुपये.

मग बाबूंचा. मी नवा फॉर्म लिहून ठेवला होता. मास्तर सही करायला शेजारी सरसावले. पण बाबूंनी टाक उचलला नाही.

"सत्तार, पॅड आन."

सत्तारभाई जागचे हलले नाहीत.

"आन म्हनतो ना. माह्या सांगन्यावरून किती लोकायनं अंगठे लावले या टेबलावर. पुस्तकात लिवलं असून लावले. आता मी काय म्हनून सही करू? आन पॅड."

व्हरांड्यातले सगळे खिडकीशी येऊन उभे राहिले होते. पॅड आलं. बाबूंनी अंगठा शाईत दाबला आणि फॉर्मकडे नेला.

मास्तरांनी मधेच त्यांचं मनगट धरलं.

"बाबू, तो अंगठा उचला."

"मास्तर, सोडा."

"उचला म्हनतो. मी जिता असताना माह्यासमोर कोनी अंगठा लावत नसते. पयलीतल्या पोराले बी नाई लावू देल्ला." त्यांनी फडका घेतला आणि बाबूंचा अंगठा पुसला, नखाच्या कडेपर्यंत पुसला. मग टाक दौतीत बुडवून बाबूंच्या बोटांत दिला आणि त्या बोटांवरून, पाठीमागे उभं राहून, पहिलीच्या पोराचा धरतात तसा आपल्या हाताने त्यांचा हात धरला. "हं. आता काढा. भेऊ नका. मी धरलं हाये."

एक कापणारा हात, त्यावर दुसरा कापणारा हात. टाक कागदावर टेकला आणि चालू लागला. सही पूर्ण झाली तेव्हा बाबूंनी डोळे मिटून घेतले होते.

मी सवयीने त्यांची नोकरीतली जुनी सही काढली आणि शेजारी धरली. नेहमीचा प्रश्न यायची वाट पाहिली. शेवटी मास्तरांनीच विचारलं, "जुळते का, तायडे?"

जुळत होती!